पेशावरचं दुखणं

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मराठी वाचकाला भेटतो तो पुण्याचा रेसिडेंट म्हणून, खडकीच्या लढाईच्या काळातला मुत्सद्दी म्हणून आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर म्हणून. पुण्याची रेसिडेन्सी हाती येण्याआधी, 1808 साली, कंपनी सरकारने त्याला एका वेगळ्याच कामगिरीवर धाडलं होतं. नेपोलियनची फौज इराणमार्गे हिंदुस्थानवर चालून येईल अशी धास्ती तेव्हा कलकत्त्याला होती. वाटेतल्या अफगाण राजाशी तह करून ठेवावा म्हणून एल्फिन्स्टन वकील बनून निघाला. राजाची भेट झाली ती काबुलात नाही, पेशावरला. पुढे 1815 साली त्याने काबूलच्या राज्यावर मोठा ग्रंथ लिहिला, पण काबूल शहर त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याची गरजच पडली नाही, कारण हिवाळ्यात अफगाण दरबार पेशावरलाच भरे.

त्या दरबारात दंडावर कोहिनूर बांधून बसलेला शहा शुजा हा पानिपतावर मराठ्यांशी लढलेल्या अहमदशहा अब्दालीचा नातू. आपल्या मनात अटक म्हणजे टोक. 1758 साली मराठी फौजा तिथवर गेल्या त्याची आठवण ‘अटकेपार झेंडे’ या शब्दांत आजही जिवंत आहे. अब्दालीच्या वंशजांच्या मनातला नकाशा उलटा होता. अटकेची नदी ही त्यांच्या घराची पूर्वेकडची वेस होती आणि पेशावर वेशीच्या आत होतं. अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्यात आज जो तंटा चालू आहे, त्याबद्दल बोलताना लोक 1893 च्या ड्युरंड रेषेपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात उशिराची वाटते. रेषा आखली गेली तेव्हा मूळ जखम साठ वर्षं जुनी झाली होती.

ती जखम शिखांनी केली. अब्दालीची नातवंडं गादीसाठी एकमेकांचे डोळे काढण्यात गुंतली असताना रणजितसिंगांनी 1813 साली अटक घेतलं, 1823 साली नौशेऱ्याची लढाई जिंकली आणि 1834 साली त्यांचा सेनापती हरिसिंग नलवा पेशावरात शिरला. काबूलची गादी तोवर दोस्त मोहम्मदकडे आली होती. त्याने 1837 साली जमरूदला लढाई दिली. तीत नलवा पडला, पण पेशावर परत मिळालं नाही. त्याच वर्षी कंपनीचा दूत अलेक्झांडर बर्न्स काबुलात आला. दोस्त मोहम्मदची मुख्य मागणी एकच होती: पेशावर मिळवून द्या, मी रशियाला जवळ करणार नाही. बर्न्सला ती रास्त वाटली. गव्हर्नर जनरल ऑकलंडला रणजितसिंगांची दोस्ती जास्त मोलाची वाटली. त्याने पदच्युत शुजाला शोधून काढलं, पेशावरवरचा हक्क त्याच्याकडून तहात सोडवून घेतला आणि त्याला गादीवर बसवायला 1839 साली फौज पाठवली.

त्या फौजेचं काय झालं ते सर्वश्रुत आहे. 1842 च्या जानेवारीत साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि सुमारे बारा हजार नोकरचाकर, बायकापोरं काबूल सोडून बर्फातून निघाली. 13 जानेवारीला जखमी अवस्थेत डॉक्टर ब्रायडन जलालाबादच्या किल्ल्याशी पोचला तेव्हा मागचा जमाव जवळजवळ संपला होता. मुंबईत कुलाब्याला जे अफगाण चर्च आहे, ते याच युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेलं. त्या बारा हजारांमधले बहुतेक हिंदुस्थानी होते. त्यांची नावं कोणत्याही भिंतीवर नाहीत, हे मला तिथे दर वेळी खटकतं.

1849 साली इंग्रजांनी पंजाब खालसा केला आणि पेशावर त्यांच्या पदरात पडलं. इथून पुढे अफगाणांचं भांडण शिखांशी उरलं नाही, साम्राज्याशी जुळलं. एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. 1857 च्या उन्हाळ्यात, दिल्ली हातची गेली असताना, पंजाबचा चीफ कमिशनर जॉन लॉरेन्स याने पेशावर दोस्त मोहम्मदला देऊन टाकावं आणि सिंधूच्या अलीकडे मागे यावं असा विचार मांडला होता. पेशावरच्या अधिकाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगनेही तो फेटाळला. दोस्त मोहम्मदने तरीही त्या वर्षी पेशावरवर हल्ला केला नाही. त्याने दोन वर्षांपूर्वीच इंग्रजांशी मैत्रीचा तह केला होता आणि तो पाळला. लॉरेन्सची ती सूचना मान्य झाली असती तर पुढल्या दीडशे वर्षांतलं किती रक्त वाचलं असतं याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही, पण त्या क्षणी वेगळी वाट खरोखर उघडी होती.

दुसरं युद्ध 1878 साली झालं. गंडमकच्या तहाने 1879 च्या मे महिन्यात अमीर याकूबखानाने खैबर खिंड, कुर्रम, पिशिन आणि सिबी यांचा ताबा इंग्रजांना दिला. सप्टेंबरात काबुलातला इंग्रज वकील कॅव्हान्यरी मारला गेला, मग जनरल रॉबर्ट्सने काबुलात फाशीचे खांब उभारले, आणि 1880 च्या जुलैत मैवंदला मुंबई फौजेच्या ब्रिगेडचा दारुण पराभव झाला. या गोंधळातून वर आला तो अब्दुर रहमान. बारा वर्षं रशियाच्या आश्रयाला राहिलेला, कठोर, संशयी आणि अत्यंत हुशार माणूस. इंग्रजांनी त्याला मान्यता दिली, 1883 पासून वर्षाला 12 लाख रुपये तैनात दिली आणि बदल्यात त्याचं परराष्ट्र धोरण आपल्या हाती ठेवलं. राज्यात त्याने हवं ते करावं, बाहेर मात्र आमच्या विचाराने चालावं, असा तो व्यवहार होता.

1885 साली रशियाने पंजदेह घेतलं. अमीर तेव्हा रावळपिंडीत व्हाइसरॉय डफरिनचा पाहुणा होता. इंग्रज आणि रशियन यांच्यात युद्ध भडकतं की काय अशी वेळ आली, आणि उत्तरेची हद्द संयुक्त मंडळाने आखली. दक्षिणेकडे इंग्रज स्वतःच पुढे सरकत होते. खोजक डोंगर पोखरून सुमारे चार किलोमीटरचा बोगदा 1891 साली पुरा झाला आणि रेल्वे चमनला, कंदाहारच्या दारात येऊन थांबली. अमीराला हा आपल्या राज्यावरचा वार वाटला आणि तसं त्याने उघडपणे बोलून दाखवलं. वझिरिस्तान, बाजौर, स्वात, चित्राल इथल्या टोळ्यांवर आपला शब्द चालतो असं तो मानत होता. तिथे इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या थैल्या दिसू लागल्या.

व्हाइसरॉय लॅन्सडाउनने हद्द ठरवायला रॉबर्ट्सला पाठवायचं ठरवलं. काबुलात फासावर माणसं चढवणारा सेनापती आता मोठी फौज घेऊन पाहुणा म्हणून येणार! अमीराने आजारपण पुढे केलं, पत्रं लांबवली, आपल्या नोकरीतला इंग्रज इंजिनियर सॉल्टर पाइन याच्या हाती निरोप धाडले आणि रॉबर्ट्स हिंदुस्थान सोडून मायदेशी जाईपर्यंत वेळ काढला. मग आला हेन्री मॉर्टिमर ड्युरंड, हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव. त्याच्या वडिलांनी 1839 साली गझनीचा दरवाजा सुरुंगाने उडवला होता. मुलगा मध्य हिंदुस्थानात सिहोरला जन्मलेला, फारसी बोलणारा. फुटबॉलचा ड्युरंड कप त्याच्याच नावाचा.

2 ऑक्टोबर 1893 रोजी ड्युरंड काबुलात पोचला आणि वाटाघाटी सहा आठवडे चालल्या. दुभाष्याशिवाय, थेट फारसीत. अमीराने एक व्यवस्था केली होती. दालनात पडद्याआड त्याचा मीर मुन्शी सुलतान मोहम्मद खान बसे आणि दोन्ही बाजूंचा शब्दन् शब्द लिहून घेई. हा मुन्शी पंजाबातल्या सियालकोट भागातला. पुढे तो काबूल सोडून गेला, बॅरिस्टर झाला, आणि त्याचा मुलगा म्हणजे उर्दूचा थोर कवी फैझ अहमद फैझ. या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांचं आयुष्य किती एकमेकांत गुंतलेलं होतं, हे सांगायला दुसरा दाखला शोधावा लागत नाही.

12 नोव्हेंबरला सह्या झाल्या. करार लहानसा, सात कलमांचा. वखानपासून इराणच्या सरहद्दीपर्यंत सुमारे 2,600 किलोमीटरची रेषा. अमीराने स्वात, बाजौर, चित्राल आणि बिरमल सोडून बाकीच्या वझिरिस्तानात ढवळाढवळ करायची नाही. इंग्रजांनी रेषेपलीकडे करायची नाही. अस्मार अमीराकडे राहिलं. तैनात 12 लाखांवरून 18 लाखांवर गेली आणि अडवलेला शस्त्रांचा माल मोकळा झाला. वखानची चिंचोळी पट्टीही त्याच्या गळ्यात घातली गेली, कारण रशियाचा आणि इंग्रजांचा मुलूख एकमेकांना भिडू नये अशी लंडनची इच्छा होती. ती पट्टी काही ठिकाणी जेमतेम पंधरा किलोमीटर रुंद आहे.

आज काबूलमधून दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. करार जबरदस्तीने लादला गेला, आणि तो फक्त शंभर वर्षांसाठी होता. दुसरी गोष्ट निखालस खोटी आहे. करारात मुदतीचं कलम कुठेही नाही. पहिल्या गोष्टीत तथ्य आहे, पण अर्धंच. इंग्रजांनी शस्त्रांचा माल अडवून आणि रेल्वे दारात आणून दबाव आणला होता. मात्र अमीर हा काही हात बांधलेला माणूस नव्हता. त्याच वर्षांत तो हजाऱ्यांचा मुलूख निर्दयपणे चिरडत होता, आणि करार होताच 1895-96 मध्ये त्याने काफिरिस्तान जिंकून तिथल्या लोकांना बाटवलं व मुलखाचं नाव नूरिस्तान ठेवलं. पूर्वेचा कटकटीचा डोंगरी भाग सोडून देऊन त्याने घरच्या सत्तेवर पकड बसवली. सह्यांच्या दुसऱ्या दिवशी भरदरबारात त्याने या मैत्रीचे गोडवे गायले. त्याच्या मुलाने 1905 साली, नातू अमानुल्लाने तिसऱ्या युद्धानंतर 1919 आणि 1921 साली ती हद्द पुन्हा मान्य केली.

पाकिस्तानची बाजूही त्यांचे मुत्सद्दी सांगतात तितकी स्वच्छ नाही. करारात लिहिलं होतं ते एकमेकांच्या बाजूला हस्तक्षेप न करण्याबद्दल. रेषेच्या अलीकडचा मुलूख इंग्रजांच्या राज्यात सामील झाला, असं त्यात नव्हतं, आणि इंग्रज तसे वागलेही नाहीत. त्यांचा कायदा, महसूल आणि कोर्ट पेशावर, कोहाट, बन्नू या बंदोबस्ती जिल्ह्यांच्या हद्दीवर थांबे. तिथून ड्युरंड रेषेपर्यंतचा पट्टा टोळ्यांचा. तिथे पोलिटिकल एजंट मलिकांना, म्हणजे टोळीप्रमुखांना, पैसे वाटी, आणि गुन्हा एकाने केला तर दंड सगळ्या टोळीला होई. 1901 च्या सरहद्द गुन्हे कायद्याने ही सामूहिक शिक्षा पक्की केली. म्हणजे तिथे दोन हद्दी होत्या, आणि मधली माणसं दोन्हींच्या बाहेर होती. त्यांना 1893 साली कुणी विचारलं नव्हतं.

अब्दुर रहमानने व्हाइसरॉयला आधीच बजावलं होतं की या टोळ्या माझ्यापासून तोडल्यात तर त्या माझ्याही उपयोगाच्या राहणार नाहीत, तुमच्याही नाहीत, आणि तुम्हाला कायम लढत बसावं लागेल. ते फार लवकर खरं झालं. 1894 च्या नोव्हेंबरात, खांब रोवायला आलेल्या तुकडीच्या वाना इथल्या छावणीवर मुल्ला पोविंदाच्या मेहसूदांनी पहाटे हल्ला केला. 1895 साली चित्रालला वेढा पडला. 1897 च्या उन्हाळ्यात मलाकंदपासून तिराहपर्यंत सगळी सरहद्द पेटली. आफ्रिदींनी खैबरच्या चौक्या घेतल्या, सारागढीला 36 व्या शीख पलटणीचे 21 जवान शेवटपर्यंत लढून पडले, आणि तिराहवर तीस हजारांहून जास्त सैन्य पाठवावं लागलं. मोहमंदांच्या मुलखात तर रेषा जमिनीवर कधी नीट आखलीच गेली नाही. लोक मात्र पूर्वीसारखेच ये-जा करत राहिले. लग्नं, मयती, उंटांचे काफिले, भटक्या पोविंद्यांचं हिवाळी स्थलांतर, यांतलं काही थांबलं नाही. रेषा तग धरून राहिली ती बहुधा यामुळेच, की ती कुणाला आडवी येत नव्हती.

ती आडवी आली 1947 साली. वायव्य सरहद्द प्रांतात काँग्रेसचं सरकार होतं आणि खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगारांचा जोर होता. फाळणी स्वीकारली गेल्यावर त्यांनी 21 जूनला बन्नूला ठराव केला: सार्वमत घ्यायचंच तर पठाणांच्या स्वतंत्र राज्याचा पर्यायही ठेवा. माउंटबॅटन यांनी नकार दिला. भारत की पाकिस्तान, एवढाच प्रश्न मतपेटीत गेला. खुदाई खिदमतगारांनी बहिष्कार घातला. पाकिस्तानला 2,89,244 मतं पडली, भारताला 2,874. मतदान निम्म्याहून किंचित जास्त. रेषेलगतच्या टोळीपट्ट्याला या सार्वमतात मतच नव्हतं. पाकिस्तान जन्मल्यावर आठवड्याभरात डॉ. खानसाहेबांचं ते निवडून आलेलं काँग्रेसचं मंत्रिमंडळ बरखास्त झालं. ज्या माणसांनी 1930 साली पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात निःशस्त्र छातीवर गोळ्या झेलल्या, त्यांच्याशी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि इंग्रज तिघेही त्या उन्हाळ्यात जसे वागले, ते आठवून आजही मन खट्टू होतं.

काबूलने त्याच वर्षी 30 सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध मत दिलं. विरोधात पडलेलं ते एकमेव मत होतं, आणि तीन आठवड्यांत ते मागेही घेतलं गेलं, पण सूर लागून गेला. पुढच्याच महिन्यात पाकिस्तानने याच टोळीपट्ट्यातले सशस्त्र टोळीवाले काश्मीरवर सोडले. जो मुलूख आपल्या पूर्ण सत्तेखाली आहे असं कराचीतलं सरकार म्हणत होतं, तिथल्या माणसांबद्दल तेव्हा सांगितलं गेलं की ते स्वतंत्र वृत्तीचे आहेत, आमचं ऐकत नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या. पट्टा मोकळा राहणं सोयीचं होतं, एवढंच खरं.

1949 च्या जूनमध्ये पाकिस्तानी विमानांनी मोगलगई गावावर बॉम्ब टाकले. वझिरिस्तानातला इपीचा फकीर, जो इंग्रजांशी दहा वर्षं लढला होता, तो आता काबूलच्या पाठबळावर पाकिस्तानशी लढत होता. 26 जुलैला काबुलात लोया जिर्गा ही महासभा भरली आणि ड्युरंड करारासह इंग्रजांशी झालेले हद्दीचे सगळे तह रद्द झाल्याचं तिने जाहीर केलं. एकतर्फी घोषणेने असे तह रद्द होत नाहीत. 1950 साली ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात ड्युरंड रेषा हीच आंतरराष्ट्रीय सरहद्द आहे असं सांगितलं. पण त्यानंतर काबूलच्या कोणत्याही राज्यकर्त्याला ती रेषा मान्य आहे असं उघड म्हणता आलं नाही. राजा असो, कम्युनिस्ट असो की मुल्ला, पठाण मतावर उभं राहायचं तर हा प्रश्न सोडता येत नव्हता.

सरदार दाऊद खान यांनी तो सर्वांत जास्त ताणला. ते 1953 साली पंतप्रधान झाले. 1955 च्या मार्चमध्ये काबुलातल्या पाकिस्तानी वकिलातीवर जमाव चालून गेला. डिसेंबरात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन काबूलला आले, त्यांनी पख्तुनिस्तानच्या, म्हणजे पठाणांच्या वेगळ्या राज्याच्या, मागणीला पाठिंबा दिला आणि मागोमाग कर्ज व शस्त्रं आली. सोव्हिएत माणसं आणि यंत्रं अफगाणिस्तानात रुजली ती याच भांडणाच्या वाटेने. 1961 साली दोन्ही देशांचे संबंध तुटले, सरहद्द बंद झाली. द्राक्षं आणि डाळिंबं तोडणीच्या ऐन हंगामात अडकली. पोविंद्यांचे कळप पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिवाळी कुरणांवर जाऊ शकले नाहीत, कारण त्यांच्याकडे पासपोर्ट मागितला जाऊ लागला. 1963 च्या मार्चमध्ये दाऊदना पद सोडावं लागलं, तेव्हा कुठे इराणच्या शहांच्या मध्यस्थीने फाटकं उघडली.

दहा वर्षांनी तेच दाऊद राजाला हटवून राष्ट्राध्यक्ष झाले आणि पख्तुनिस्तान पुन्हा पुढे आलं. या वेळी झुल्फिकार अली भुत्तोंनी उत्तर शोधलं. काबूलहून पळून आलेल्या हिकमतयार, मसूद यांसारख्या तरुण इस्लामवाद्यांना पेशावरात आसरा आणि शिक्षण मिळालं. 1975 च्या जुलैत त्यांनी पंजशीरमध्ये उठाव करून पाहिला. तो फसला, पण सोव्हिएत फौजा येण्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट आहे. पेशावरातला मुजाहिदीनांचा तळ अमेरिकेच्या पैशाने मोठा झाला. त्याचा पाया मात्र सरहद्दीच्या तंट्याने घातला.

आणि मग आलं ते वर्ष, जेव्हा हे मिटण्याच्या बेतात होतं. दाऊद मॉस्कोला कंटाळले होते, भुत्तोंना बलुचिस्तानातलं बंड जड जात होतं. 1976 च्या जूनमध्ये भुत्तो काबूलला गेले, ऑगस्टमध्ये दाऊद पाकिस्तानात आले. पाकिस्तानने तुरुंगातले पठाण आणि बलुच पुढारी सोडावेत आणि काबूलने रेषा मानावी, अशा दिशेने बोलणी चालली होती. 1977 च्या जुलैत लष्करप्रमुख जनरल झियांनी भुत्तोंना कैद केलं. बोलणी तरीही तुटली नाहीत. पुढाऱ्यांची सुटका सुरू झाली आणि 1978 च्या मार्चमध्ये दाऊद पुन्हा इस्लामाबादला येऊन गेले. काही आठवड्यांतच, एप्रिलच्या शेवटी, काबूलच्या राजवाड्यात ते कुटुंबासह मारले गेले. पुढच्या एप्रिलमध्ये भुत्तो फासावर गेले. दोन हट्टी, अनेक बाबतींत अन्यायी माणसं. पण सुमारे एकशे चाळीस वर्षांचं दुखणं बरं करण्याच्या इतक्या जवळ दुसरं कुणी गेलेलं नाही.

नंतरचं वाचकाच्या स्मरणातलं आहे. तीस लाखांहून जास्त निर्वासित रेषा ओलांडून आले. 1988 च्या जानेवारीत गफार खान गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना खैबर ओलांडून जलालाबादला पुरण्यात आलं. युद्ध चालू असताना हजारो माणसं त्या अंत्ययात्रेत चालत गेली. 1996 साली तालिबान आले. त्यांना तेव्हा मान्यता देणारे देश तीनच, त्यांतला एक पाकिस्तान. रेषा मान्य करणं मात्र त्यांनीही टाळलं. 2017 पासून पाकिस्तानने काटेरी तारांचं दुहेरी कुंपण घातलं. 2018 साली टोळीपट्टा खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला आणि 1901 चा तो कायदा संपला, स्वातंत्र्यानंतर तब्बल 71 वर्षांनी. 2021 च्या ऑगस्टमध्ये तालिबान परतले आणि डिसेंबरात त्यांचे सैनिक कुंपणाच्या तारा उपटताना दिसले. 1975 साली पेशावरने जे केलं, तेच आता काबूल करतं असा पाकिस्तानचा आरोप आहे: पाकिस्तानी तालिबानला आसरा. चमनला पासपोर्टची सक्ती झाली तेव्हा रोज पलीकडे मजुरी-व्यापाराला जाणाऱ्या लोकांनी 2023 च्या ऑक्टोबरपासून कित्येक महिने रस्त्यावर ठाण मांडलं.

2025 च्या ऑक्टोबरात काबुलात स्फोट झाले, तालिबान सरकारने पाकिस्तानी विमानांना दोष दिला आणि रेषेवर दोन्हीकडची माणसं मेली. दोह्याला कतार आणि तुर्कस्तानने शस्त्रसंधी घडवून आणली. कतारच्या पहिल्या निवेदनात दोन बंधुदेशांमधल्या सीमेवरच्या तणावाचा उल्लेख होता. काबूलने हरकत घेतली, आणि सुधारलेल्या निवेदनातून सीमेचा तो उल्लेख काढून टाकण्यात आला. तोरखम आणि चमनची फाटकं व्यापाराला त्यानंतरही कित्येक आठवडे बंदच राहिली.